ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची

गेल्या नाताळच्या सकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ही गर्दी होती. तारीख २५ डिसेंबर २०२५. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून त्या दिवशी पहिल्यांदाच प्रवाशांची विमानं ये-जा करणार होती. लहान पोरं स्वेटर घालून वर आली होती, बायका चहाचे कप घेऊन, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. विमान दिसलं तसा एकच ओरडा झाला. मीसुद्धा ओरडले. व्हिडिओत माझा आवाज ऐकू येतो.

बाबा मात्र वर बघतच नव्हते. ते कठड्याला टेकून, विमान ज्या दिशेनं उठलं त्या दिशेला खाली बघत होते. आमच्या गच्चीवरून धावपट्टी दिसत नाही, मध्ये दुसऱ्या बिल्डिंगी आहेत. पण दिशा कळते. शेजारचे काका म्हणाले, "काय दादा, आपलं गाव जगाच्या नकाशावर आलं की!" सगळे हसले. बाबाही हसले.

ही बिल्डिंग आम्हाला मिळालेल्या प्लॉटवर तीन घरांनी मिळून बांधलीय. निम्मे रहिवासी आमच्याच गावचे. विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यातलं एक आमचं. भात, मिठागरं, खाडीतली मासळी यांवर जगणारं आगरी गाव. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आम्ही निघालो. घराला मोबदला मिळाला, प्लॉट मिळाला, गावदेवीला नवं देऊळ मिळालं. मी आज आयटी पार्कात नोकरी करते, माझी खोली स्वतंत्र आहे, तिला एसी आहे. त्यामुळे हा लेख रडगाणं म्हणून वाचू नका. मी फक्त एक गोष्ट शोधत होते आणि ती मला कुठेच सापडत नव्हती.

त्या रात्री मी पुन्हा गूगल अर्थ उघडलं.

*

गूगल अर्थमध्ये जुनी सॅटेलाइट चित्रं बघायची सोय आहे. वर एक पट्टी येते, ती मागे सरकवली की वर्षं मागे जातात. मी हे इतक्यांदा केलंय की आता हाताला सवय झालीय. सगळ्यात अलीकडे राखाडी धावपट्टी. थोडं मागे, नुसती लाल माती. अजून मागे गेलं की सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी, जी नंतर सुरुंग लावून सपाट केली. उलवे नदीचं जुनं वळण, ते वळवण्याआधीचं. आणि मग अचानक आमची कौलं. एवढीशी, तपकिरी, दाटीवाटीनं बसलेली.

त्या चित्रावर माझी एक पिन टाकलेली आहे. पिनचं नाव 'आजी'.

आजी २०१४ मध्ये गेली. मी १६ वर्षांची होते. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. आम्ही अंगणात थांबलो. पुरुष तिला घेऊन गेले, वळणावरच्या घरामागे दिसेनासे झाले आणि दोन-तीन तासांनी अंघोळ करून परत आले. नेलं कुठे, ते मला कधीच नीट कळलं नाही. 'खाडीच्या अंगाला' एवढंच माहीत. गावात राहत होते तोवर त्या बाजूला जाऊन बघावं असं कधी वाटलं नाही. मुलींनी तिकडे जायचं नसतं. आणि वाटायला लागलं तेव्हा गावच नव्हतं.

म्हणून अंदाजानं पिन टाकली. आता ती बरोब्बर धावपट्टीवर येते.

आपल्यात थडगं नसतं हे मला माहीत आहे. पण दगड असतो. चितेला प्रदक्षिणा घालताना खांद्यावरचं मडकं ज्या खड्यानं फोडतात, तो जीवखडा. तो जपून ठेवतात, दहाव्यापर्यंत त्यालाच गेलेलं माणूस समजून पिंड देतात, कावळ्याची वाट बघतात, आणि मग तो पाण्यात सोडतात. म्हणजे आपलं थडगं दहा दिवसांचं. आजीचा जीवखडा आमच्या खाडीत सोडला. त्या खाडीचं पाणी आता कुठून वाहतं हे मला नकाशा बघूनच सांगता येतं.

दोन दिवसांनी, शनिवारी, मी एकटीच वसईला निघाले. क्लायंट लोक नाताळच्या सुट्टीवर होते, आमच्या टीमचं काम थंड होतं. काही महिन्यांपूर्वी एका रीलमध्ये वसईच्या किल्ल्यातली थडगी दिसली होती. जमिनीत बसवलेले कोरीव दगड आणि त्यांच्यावरून चालणारे लोक. तेव्हापासून डोक्यात होतं. ४०० वर्षं टिकलेलं थडगं कसं दिसतं ते बघायचं होतं. खरं सांगायचं तर हेवा वाटत होता.

आई म्हणाली, "सणासुदीचं एकटीनं जाऊन थडगी बघणार?"

"किल्ला बघायला चाललेय," मी म्हटलं.

*

पनवेलहून वसई रोडला मेमू जाते हे नवी मुंबईतल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं. आपण आधी ठाणे, मग दादर, मग विरार फास्ट असा उलटा वळसा घालतो. मेमू मात्र मुंबईच्या पाठीमागून जाते. तळोजा, निळजे, भिवंडी रोड, खारबाव, कामण, जूचंद्र. गोदामं, खाडी, डोंगर, पुन्हा गोदामं. जूचंद्रच्या आसपास मिठागरं दिसली आणि मी खिडकीला नाक लावून बसले. चौकोनी वाफे, बांध. हे गाव रांगोळी कलाकारांसाठी प्रसिद्ध आहे, पण वस्ती मूळची आगरी, आमच्यासारखीच. समोरच्या बाईच्या पाटीतला सुक्या बोंबलांचा वास डबाभर होता. कुणी नाक मुरडत नव्हतं.

वसई रोडला उतरून रिक्षा केली. स्टेशनाजवळचं शहर मागे पडलं की वसई गाव वेगळंच आहे. नाताळ होऊन दोनच दिवस झालेले. दारोदारी कागदी तारे, अंगणात येशूजन्माचे गोठे, वाडीत केळी आणि तुळशीवृंदावनाच्या आकाराच्या चौथऱ्यावर क्रूस. पारनाका, झेंडा बाजार मागे टाकून रिक्षा चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी आली.

शाळेत आपल्याला वसई एवढीच शिकवतात. पोर्तुगीज, १७३९ चा वेढा, चिमाजी अप्पा. किल्ला पडत नाही तेव्हा 'माझं डोकं तोफेला बांधून आत उडवा, ते तरी किल्ल्यात पडू दे' असं ते म्हणाले ही आख्यायिका मला चौथीत इतकी आवडली होती की मी ती भाषणात हातवारे करून म्हटली होती. फेब्रुवारीत वेढा आवळला, मेमध्ये किल्ला मराठ्यांच्या हाती आला. पोर्तुगीजांना बायकामुलांसह, हलवता येईल ते सामान घेऊन निघून जायची मुभा मिळाली.

भाषण करताना माझ्या मनात एक प्रश्न कधी आला नव्हता. निघून गेले म्हणजे नेमकं काय झालं? सामान कसं बांधलं असेल? काय मागे ठेवलं?

आता मला साधारण माहीत आहे. कपाटं नेता येतात. पाटा-वरवंटा नेता येतो. तुळशीवृंदावनही उचलून नेतात लोक. देव नेता येतो, त्याला विधी आहे. मेलेली माणसं नेता येत नाहीत.

*

किल्ला म्हटल्यावर आपल्याला डोंगर, बुरूज, तोफा आठवतात. वसईचा किल्ला म्हणजे खरं तर तटबंदीच्या आतलं एक अख्खं शहर. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची २०० वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची ही राजधानी होती. रस्ते, चौक, वाडे आणि चर्चच चर्च. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा ख्रिस्ती साधूंच्या प्रत्येक पंथाचं इथे स्वतःचं चर्च आणि त्याला लागून मठ. 'कॉन्व्हेंट' हा शब्द आपण इंग्रजी शाळेसाठी वापरतो, तो मुळात या मठांचा आहे.

आज तिथे गवत आहे, ताडाची झाडं आहेत, आणि छप्पर नसलेल्या उंच भिंती. भिंतींतून वडा-पिंपळाची मुळं उतरलीत. कोल्डप्लेच्या 'हिम फॉर द वीकेंड' या गाण्याच्या व्हिडिओत यातल्या काही जागा दिसतात. पण किल्ल्यात सगळ्यात जास्त शूटिंग होतं ते प्री-वेडिंगचं. मी गेले तेव्हाही एका कमानीखाली लांब शेपटाचा लाल गाऊन घातलेली मुलगी उभी होती. एक पोरगा गाऊनचं टोक हवेत उडवायचा आणि कॅमेऱ्यात यायच्या आत पळायचा. चौथ्या प्रयत्नात जमलं तेव्हा तिघंही टाळ्या वाजवून हसले. मला त्यांचा राग आला नाही. त्या गडबडीत जागा जिवंत वाटत होती.

"मॅडम, एकट्याच?" फोटोग्राफरनं विचारलं. मी हो म्हटलं. "पाठीमागच्या बाजूला जास्त आत जाऊ नका, झाडी आहे." एकटी फिरणाऱ्या मुलीला हे वाक्य प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हणतंच. बहुतेकदा काळजीनंच.

फ्रान्सिस्कन चर्च मी विचारत विचारत गाठलं. सोळाव्या शतकातलं, संत अँथनीच्या नावाचं. आत शिरल्यावर आधी गारवा जाणवतो. छप्पर नाही, तरी भिंती इतक्या जाड आहेत की ऊन एका कडेला अडून राहतं. दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या प्रार्थनाघरांच्या कमानी. मग खाली लक्ष जातं आणि पाय थबकतात. आपण ज्यांच्यावर उभे आहोत ती थडगी असतात.

एक नाही, दोन नाही. जमिनीत फरशीसारखे बसवलेले मोठमोठे काळे दगड. काहींवर घराण्यांची चिन्हं, ढाली, मुकुट. काहींवर फक्त अक्षरं. काही इतके झिजलेत की बोट फिरवल्यावरच तिथे काही कोरलंय हे कळतं. त्या काळी कॅथलिक श्रीमंतांना चर्चच्या आतच पुरायची पद्धत होती. वेदीच्या जितकं जवळ, तितका मान मोठा.

आदल्या रात्री मी फोनवर एक जुनं पुस्तक चाळलं होतं. गेर्सन द कुन्हा हे गोव्याचे डॉक्टर मुंबईत प्रॅक्टिस करायचे आणि उरलेल्या वेळात इतिहास लिहायचे. चौल आणि वसईच्या अवशेषांवरचं त्यांचं पुस्तक १८७६ सालचं. त्यांनी हे दगड वाचून त्यांवरचा मजकूर उतरवून ठेवला. त्यामुळे दोन शब्दप्रयोग मला ओळखता येत होते. एक 'आकी जाझ', म्हणजे इथे विसावला आहे. आणि दुसरा, पुन्हा पुन्हा येणारा, ज्यासाठी मी खरं तर आले होते. 'ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची.'

गुडघ्यावर बसून एका दगडावर मला तो सापडला. अर्धी अक्षरं गेलेली, पण 'एर्देइरोश' म्हणजे वारस, हा शब्द लागला. बाटलीतलं थोडं पाणी ओतलं तेव्हा अक्षरं गडद झाली आणि पाणी सुकताच पुन्हा पुसट झाली.

सातबाऱ्यावर असावी तशी ती ओळ होती. हा माणूस, आणि याच्यामागून येणारे सगळे, यांची ही जागा. कायमची. ज्यानं हे कोरून घेतलं त्याला किती खात्री असेल! आपली मुलं, नातवंडं, पतवंडं इथेच जन्मतील, इथेच मरतील, आणि याच फरशीखाली एकावर एक झोपतील.

आणि मे १७३९ मध्ये वारस निघून गेले.

*

मी तिथेच एका कमानीच्या सावलीत बसले. डबा उघडला. आईनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली होती. ख्रिस्ती देवळात सुकट खावी की नाही याचा मी थोडा वेळ विचार केला आणि मग खाल्ली.

सकाळी घरातून निघताना जो हेवा वाटत होता तो बसल्या बसल्या थोडा गढूळ झाला. या दगडांखालची माणसं कोण होती? ढाली-मुकुटवाली. त्यांच्या राज्यात उत्तर कोकणात देवळं पाडली गेली, जमिनी गेल्या, लोकांचे धर्म बदलले. ही चर्चं बांधायला दगड फोडले कुणी, वाहिले कुणी, त्यांचं नाव कुठल्याही फरशीवर नाही. इथे तट उभा राहायच्या आधी कुणाची वस्ती असेल, कुणाची पाणंद, कुणाचं स्मशान. माझ्या आजीसारख्या बाईला १६०० मध्येही दगड मिळाला नसता. मी चुकीच्या माणसांचा हेवा करत होते.

"बाय, कोणाला शोधतेस?"

वर बघितलं तर एक म्हातारी कमानीत उभी. कोळी पद्धतीचं लुगडं, गळ्यात सोन्याचा क्रूस, हातात रिकामी पाटी. किल्ल्याच्या पलीकडे समुद्राला लागून किल्लाबंदर गाव आहे, ख्रिस्ती कोळ्यांचं. तिकडे जायचा रस्ता किल्ल्यातूनच जातो. बाजार करून ती घरी चालली होती आणि सावली बघून टेकायला आत आली होती.

"कुणाला नाही मावशी. बघतेय नुसतं."

"नुसतं बघणारे वर बघतात. फोटो काढतात. तू खाली बघतेस."

मी तिला भाकरी देऊ केली. तिनं चटणीचा वास घेतला आणि खूश झाली. "तुमची सुकट बारीक," म्हणाली. मग मी कुठली, काय करते, लग्न का नाही, हे सगळं झालं. गाव विमानतळात गेलं म्हटल्यावर तिनं पाटी खाली ठेवली.

मी तिला आजीबद्दल सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. घरी कधी बोलले नव्हते. पिन, धावपट्टी, जीवखडा, सगळं. आणि शेवटी म्हटलं, "तुमचं बरं आहे मावशी. तुमच्यात कबर असते. जाऊन बसता येतं."

ती हसली. दात दोन-तीनच होते.

"कबर काय कायमची असते होय? जागा किती, माणसं किती! माझ्या नवऱ्याला पुरलं, काही वर्षांनी तोच खड्डा दुसऱ्यासाठी उघडला. हाडं काढून ठेवली. आता तिथं दुसरंच कुणी आहे. उद्या मला कुठल्या खड्ड्यात घालतील देव जाणे."

"मग २ नोव्हेंबरला?" मला माहीत होतं की त्या दिवशी ख्रिस्ती लोक आपल्या मेलेल्यांच्या कबरी साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात.

"लावते ना मेणबत्ती."

"कुठे?"

"जिथं त्याला ठेवला होता तिथं. खाली कोण आहे ते बघायला कोण जातंय?"

ती उठली. जाता जाता जवळच्या थडग्याकडे हनुवटीनं खूण करून म्हणाली, "यांचं बघ. दगड एवढा मोठा, आणि मेणबत्ती लावायला कुणी नाही."

*

ती गेल्यावर मी किल्ल्यात उगाच भटकले. सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा बघितला. त्यात आता घंटा नाही. इथल्या घंटांची गोष्ट अनेकांना माहीत असते. वसईच्या विजयानंतर चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली प्रसिद्ध घंटा, भीमाशंकरची घंटा, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे.

भीमाशंकरची घंटा मी लहानपणी पाहिलीय, बाबांनी उचलून दाखवली होती. तेव्हा त्या घंटेकडे मी जिंकलेली वस्तू म्हणून बघितलं होतं. आता वाटलं, त्या घंटाही विस्थापितच. आपल्या जागेवरून उचलल्या, दुसऱ्या देवाच्या दारात टांगल्या, वाजवायचे हात बदलले. पण हे मनोरे रिकामे पडले आणि घंटा टिकल्या. मनोरे जागेवर राहिले, घंटा वापरात राहिल्या.

इथल्या भग्न चर्चमध्ये एकावर मात्र छप्पर आहे. जेझुइटांचं जुनं चर्च, आता गोन्सालो गार्सियाचं म्हणून ओळखलं जातं. गोन्सालो हा वसईत जन्मलेला मुलगा. फ्रान्सिस्कन झाला, जपानला गेला, आणि १५९७ मध्ये नागासाकीत इतर २५ जणांबरोबर त्याला क्रूसावर मारलं. १८६२ मध्ये पोपनं त्याला संत जाहीर केलं. त्याची कबर वसईत नाही. तरी दरवर्षी वसईतली माणसं या चर्चमध्ये जमून त्याचा सण करतात. म्हातारीचं वाक्य मला इथे पुन्हा ऐकू आलं.

अंधार पडायच्या आत मी निघाले. परतीच्या गाडीत गर्दी होती, दारात उभी राहिले. जूचंद्रची मिठागरं काळोखात दिसली नाहीत, पण वारा खारा झाला तेव्हा कळलं.

*

घरी पोचले तेव्हा बाबा टीव्हीसमोर होते. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसले. ही गोष्ट मी याआधी कधी केली नव्हती. गूगल अर्थवरचं आमचं गाव मी एकटीच बघायचे, दार लावून, जणू काही चोरून. त्यांना त्रास होईल असं वाटायचं.

पट्टी मागे सरकवली. कौलं आली. बाबांनी चष्मा लावला.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग बोट पडद्यावर ठेवून म्हणाले, "हे आपलं. बघ, पडवीचा पत्रा चमकतोय."

मी पिन दाखवली. "ही आजीची जागा ना?"

त्यांनी वाकून बघितलं. "ही? छे. इथं तर आपलं भाताचं शेत. तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. अंदाजानं टाकली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आपली मुलगी १६ वर्षांची असताना अंगणात उभी होती आणि तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या बहुधा त्या क्षणी लक्षात आलं. माऊस त्यांना नीट जमत नाही. मीच हलवत गेले आणि ते सांगत गेले. बांधानं पुढे. चिंचेपासून डावीकडे. आता उघडीपाशी, जिथून खाडीचं पाणी आत घ्यायचो. अजून थोडं. "हां, थांब. इथं. दगडाचा ओटा होता. वारा खाडीकडून होता त्या दिवशी, धूर गावाकडे येत होता."

पिन तिथे ठेवली आणि पट्टी आजपर्यंत पुढे आणली. कौलं गेली, माती आली, धावपट्टी आली. पिन तिच्यावर नव्हती. बरीच बाजूला, कुंपणाकडच्या पट्ट्यात होती. चित्रात तिथे फक्त गवत दिसत होतं.

"म्हणजे विमानं आजीवरून जात नाहीत," मी म्हटलं.

"जात असतील," बाबा म्हणाले, "पण वरून. अंगावरून नाही."

तेवढ्यात आई आतून आली. "काय बघताय?" मग तीही बसली. आणि मग जे सुरू झालं ते रात्री एकपर्यंत चाललं. बाबांच्या नकाशात होती शेतं, बांध, उघडी, होळीचा माळ. आईचा नकाशा वेगळाच. पाणी भरायची विहीर, कपडे धुवायचा दगड, दुपारी बायका जिथे बसायच्या ती ओसरी, लग्न होऊन आली तेव्हा तिला ज्या घरात आधी उतरवलं ते घर. दोघांची भांडणं झाली. पिंपळ देवळाच्या कुठल्या बाजूला होता यावर दोघंही हटेनात, शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांना फोन लावला. तेही जागेच होते. ते वर आले. त्यांचं म्हणणं तिसरंच.

मी पिना टाकत राहिले. ४१ झाल्या. प्रत्येक पिनला नाव. अमक्याचं घर, आणि ते आता कुठे राहतात. कंसात वारस.

सगळ्यात शेवटी पहिल्या पिनवर परत आले. तिच्यावर नुसतं 'आजी' लिहिलेलं होतं. बाकीच्यांना पूर्ण नावं आणि हिला नाही, हे बरं दिसेना.

"आजीचं पूर्ण नाव काय लिहू?"

बाबांनी सांगितलं. पहिलं नाव मला माहीत होतं, तेही रेशनकार्डावर वाचलेलं. घरात सगळे तिला 'आई' नाहीतर 'बाय' म्हणायचे. तिचं माहेरचं आडनाव बाबांनाही पटकन आठवेना, आईला आठवलं. आम्ही स्पेलिंग काय करायचं यावर अडलो आणि मग मराठीतच लिहायचं ठरलं.

तिचं संपूर्ण नाव मी त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. आणि सेव्ह केलं.